नावांची आणि शब्दांची चौकशी : कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नावांबद्दल आणि शब्दांबद्दल माझ्याकडे सतत विचारणा येते. बारसं चार दिवसांवर आलेले आईबाप विचारतात, आडनावाचा माग काढणारे आजोबा विचारतात, शाळेचा प्रकल्प करणारी मुलं विचारतात. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, पुढे गुंत्याचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नावाचा अर्थ आणि नावाचा उगम, हे एकच ना?

एकच नाही, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. कुठल्याही नावाबद्दल तीन वेगळे प्रश्न विचारता येतात. शब्दाचा अर्थ काय? तो कुठल्या भाषेतून, कुठल्या वाटेने आला? आणि ह्याच माणसाला किंवा ह्याच गावाला तो का दिला? 'राधानगरी' घ्या. संस्कृतात 'राधा' म्हणजे भरभराट, यश. कृष्णाच्या सखीचं नाव म्हणून ते घरोघर पोचलं. पण त्या गावाला ते मिळालं राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई यांच्यावरून. पहिल्या दोन प्रश्नांना शब्दकोश उत्तर देतो. तिसऱ्याचं उत्तर माणसांकडे असतं, नाहीतर जुन्या कागदात. माझ्या लेखी तिसराच प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, आणि लोक तोच सगळ्यात उशिरा विचारतात, सांगणारं माणूस गेल्यावर.

२. कोल्हापूर हे नाव कोल्ह्यावरून पडलं का? आणि करवीर म्हणजे काय?

कोल्हा इथे फक्त आवाजाच्या सारखेपणामुळे आठवतो. जुन्या लेखनात 'कोल्लापूर' असं रूप मिळतं, त्यात 'ह' नाही. आपण घरी म्हणतो त्या महालक्ष्म्यष्टकात देवीला 'कोलासुरभयंकरि' म्हटलं आहे, तिथेही 'ह' नाही. संस्कृतात 'कोल' म्हणजे डुक्कर. तेव्हा नावात जनावरच शोधायचं असेल तर कोल्ह्याआधी रानडुक्कर भेटतं! परंपरेची कथा अशी की देवीने कोल्हासुराचा वध केला आणि मरताना त्याने या क्षेत्राला आपलं नाव राहावं असा वर मागितला. म्हणून अंबाबाईचं गाव दैत्याच्या नावाने ओळखलं जातं. हरलेल्याचंही नाव जपणारी ही कथा मला फार आवडते.

'करवीर'चा कोशातला अर्थ कण्हेर. कथेतला अर्थ वेगळा : प्रलयात देवीने आपल्या करांनी हे क्षेत्र उचलून धरलं. शहराचं रोजचं नाव कोल्हापूर झालं, तरी तालुक्याचं नाव आजही करवीरच आहे.

३. गुरुजींनी पत्रिका पाहून 'ण' अक्षर काढलं. 'ण'वरून नाव आणायचं कुठून?

आणायची गरज नाही. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, अशी १०८ अक्षरं अवकहडा चक्रात मांडलेली आहेत. अश्विनीला चू, चे, चो, ला. हस्ताला पू, ष, ण, ठ. तुमचं बाळ हस्ताच्या तिसऱ्या चरणावर जन्मलं, एवढाच त्याचा अर्थ. आर्द्रेच्या एका चरणाला 'ङ' येतो, उत्तराभाद्रपदेच्या एकाला 'ञ'. या अक्षरांनी सुरू होणारा शब्द मराठीत नाहीच. म्हणून जन्मनाव पत्रिकेपुरतं आणि हाक मारायचं नाव वेगळं, अशी सोय जुन्या लोकांनी आधीच करून ठेवली आहे. बारशाला आत्या कानात 'कुर्र' करते ती हाकेच्या नावासाठी.

जन्मवेळेवरून नाव ठेवणं ही काही फक्त आपली रीत नाही. घानामधल्या अकान लोकांत वारावरून नाव ठेवतात : शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ ला जन्मले, तो शुक्रवारच होता. आपल्याकडे सोमा, मंगळू, बुधाजी ही नावं त्याच जातकुळीची.

४. आडनावातलं '-कर' म्हणजे त्या गावचे मूळ रहिवासीच ना?

बहुतेक वेळा त्या गावातून बाहेर पडलेले. कागलात राहणाऱ्याला कागलकर म्हणून कोण कशाला ओळखेल? तिथे सगळेच कागलचे. तो माणूस निपाणीला किंवा पुण्याला गेला की तिथले लोक त्याला कागलकर म्हणायला लागतात. तेव्हा '-कर' हे आडनाव बऱ्याचदा घर सोडल्याची खूण असते.

अपवाद जहागीरदारांचा. कागलकर घाटगे, कापशीकर घोरपडे यांच्यात खरं आडनाव घाटगे आणि घोरपडे, आणि '-कर' त्यांची जहागीर सांगतं. तुमच्या घरातल्या जुन्या कागदांवर अशी दोन आडनावं लागोपाठ दिसली, तर कुठलं कुळाचं आणि कुठलं गावाचं हे आधी वेगळं करा.

५. वळिवड्याच्या छावणीतल्या पोलिश लोकांच्या नावात 'स्की' आणि 'स्का' का असायचं?

हा प्रश्न शाळेतली मुलं विचारतात आणि मला त्याचा फार आनंद होतो. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत बायका-मुलंच जास्त. त्यांच्या आडनावातलं '-स्की' मुळात 'अमुक ठिकाणचा' असं सांगणारं विशेषण आहे, म्हणजे आपल्या '-कर'चा सख्खा भाऊ. तार्नूफ गावचा तो तार्नोव्स्की. पुढे ते धंद्याच्या नावालाही लागलं : 'कोवाल' म्हणजे लोहार, त्यावरून कोवाल्स्की. विशेषण असल्यामुळे ते लिंगाप्रमाणे बदलतं. बाप कोवाल्स्की, लेक कोवाल्स्का. आपण कोल्हापूरचा आणि कोल्हापूरची म्हणतो तसंच. मराठीत आडनावं पूर्वी अशीच बदलत. पाटलीणबाई आणि कुलकर्णीणबाई म्हणणाऱ्या आज्या अजून आहेत.

पोलिश लोक गेल्यावर त्याच जागी फाळणीत घरदार सुटलेली सिंधी कुटुंबं आली आणि गांधीनगर वसलं. सिंधी आडनावांच्या शेवटी येणारं '-आणी' वंश सांगतं : अमुक पूर्वजाच्या कुळातले. वीसेक वर्षांच्या आत एकाच माळाने गाव सांगणारी आडनावं ऐकली आणि पूर्वज सांगणारीही.

६. आडनाव पाटील आहे म्हणजे मराठाच असणार ना?

नाही. पाटील हा हुद्दा आहे. जुन्या ताम्रपटांत 'पट्टकिल' असा शब्द येतो, त्याचं पुढे पाटील झालं. गावची पाटीलकी ज्या घराकडे, ते पाटील. आपल्या जिल्ह्यात मराठा पाटील आहेत, जैन आहेत, लिंगायत आहेत, मुस्लिमही आहेत. शिरोळ-हातकणंगल्याकडे तर एका गल्लीत तीन धर्मांचे पाटील सापडतील.

इथली एक खास गंमत सांगतो. कर्मवीर भाऊराव पाटील २२ सप्टेंबर १८८७ ला कुंभोजला जन्मले, त्यांच्या वडिलांचं नाव पायगोंडा. भीमगोंडा, बाबगोंडा, पायगोंडा या नावांतलं 'गोंडा' म्हणजे कन्नड 'गौडा', गावचा प्रमुख. म्हणजे 'पायगोंडा पाटील' या नावात एकच हुद्दा दोन भाषांतून दोनदा आला आहे. सीमेवरच्या माणसाचं नाव असंच असणार.

कुलकर्णी, चौगुले, देशमुख, देसाई हीसुद्धा कामांची नावं. कुलकर्णी गावचा हिशेब ठेवत. १९१८ साली शाहू महाराजांनी संस्थानातली कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले. काम गेलं, आडनाव राहिलं.

७. आमचे शेजारी मुस्लिम आहेत आणि आडनाव तांबोळी. हा शब्द तर आपला वाटतो?

संस्कृतच आहे. 'तांबूल' म्हणजे विडा, तो विकणारा तांबूलिक, त्याचा तांबोळी. उलट बाजूला बघा : आपल्या भागातल्या कितीतरी जैन घरांचं आडनाव मगदूम आहे, आणि ते अरबी 'मखदूम'वरून आलं, ज्याची सेवा केली जाते तो, म्हणजे धनी. शब्दाला धर्म नसतो, याचा याहून चांगला दाखला माझ्यापाशी नाही.

बाकीची थोडक्यात. बागवान म्हणजे बाग राखणारा, फारसी. अत्तार म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणारा, अरबी. शिकलगार म्हणजे हत्याराला धार आणि चकाकी देणारा, यात 'सैकल' अरबी आणि 'गर' फारसी. मुजावर म्हणजे शेजारी राहणारा, दर्ग्याच्या सोबतीला असणारा. चिटणीस, फडणीस आणि पारसनीस यांतलं 'नीस' फारसी 'नवीस', लिहिणारा.

८. आबासो, बाबासो, आण्णासो यांतलं 'सो' काय आहे?

'साहेब'. लिहिताना 'आबासाो.' असं आखूड करत करत ते बोलण्यातही 'सो' झालं आणि आता जन्मदाखल्यावरही तसंच नोंदतात. मूळ अरबी 'साहिब' म्हणजे सोबती, मग धनी. गमतीचा भाग म्हणजे 'आण्णासो'तलं 'अण्णा' कन्नड आहे, थोरला भाऊ. दोन अक्षरांच्या आदरात बेंगळूरूकडची आणि अरबस्तानाकडची अशा दोन वाटा येऊन मिळाल्या. अक्का आणि ताईसुद्धा कन्नडशी नातं सांगतात, फक्त कन्नडमध्ये 'तायी' म्हणजे आई.

९. आमच्या पणजोबांचं नाव दगडू होतं. आईबाप लेकराला असं नाव का ठेवत?

प्रेमापोटी. हे उत्तर ऐकून लोक गप्प होतात, पण ते अगदी खरं आहे. ज्या घरात एकामागून एक मुलं दगावत, तिथे पुढच्या लेकराला दगडू, धोंडू, केरू, कचरू म्हणत. मृत्यूने, दृष्टीने, सटवीने त्याच्याकडे पाहू नये, हा टाकाऊ दगड आहे, याला नेऊन काय करणार, असं आईने सगळ्या जगाला मोठ्याने सांगायचं. भिकाजी म्हणजे भीक मागून मिळालेला. आपला नव्हेच, मग आपल्याकडून कोण नेईल? दगडू या नावाचा शब्दकोशातला अर्थ दगड. पण ते देणाऱ्याच्या मनातला अर्थ होता, 'हा तरी जगू दे.' प्रश्न १ मध्ये तीन प्रश्न वेगळे का केले, ते इथे कळेल.

हीच भीती आणि हाच उपाय पृथ्वीच्या दुसऱ्या टोकांनाही सापडतो. मंगोलियात 'नेर्गुई' नावाची माणसं असतात, अर्थ 'नाव नाही'. 'एनेबिश' म्हणजे 'हा नव्हे'. दुष्ट शक्ती शोधत आली तर तिला हा सापडू नये म्हणून. चीनच्या खेड्यात मुलाला 'गौशंग' म्हणत, कुत्र्याने उष्टं टाकलेला. नायजेरियातले योरुबा लोक वारंवार मरून पुन्हा जन्मणाऱ्या मुलाला 'मालोमो' म्हणतात, 'पुन्हा जाऊ नकोस'. किंवा 'दुरोजाये', 'थांब, जगण्याचं सुख घे'. आपल्या आज्यांनी ही माणसं कधी पाहिली नव्हती. दुःख एकच होतं, त्यातून भाषाही एकच निघाली.

दोन खबरदाऱ्या. प्रत्येक धोंडू असा नसतो. अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात, आणि त्या महिन्यात जन्मलेल्यालाही धोंडू, धोंडिराम म्हणत. जन्मतारीख मिळाली तर पंचांगाशी ताडून बघा.

दुसरी जास्त महत्त्वाची. 'नकोशी', 'नकुसा' ही नावं या रांगेत बसवू नका. ती मृत्यूला फसवायला ठेवलेली नव्हती, मुलगी नको होती म्हणून ठेवलेली होती. शेजारच्या सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८५ मुलींनी एका समारंभात नवी नावं घेतली. दगडूच्या नावात आईची माया आहे. नकोशीच्या नावात ती नाही, आणि ज्या बाईला ते आयुष्यभर वागवावं लागलं तिच्यापुढे व्युत्पत्तीच्या गप्पा मारू नयेत. तिला कुठलं नाव आवडतं ते विचारावं.

१०. दत्ता, दत्तात्रय ही नावं आपल्याकडे घरटी एक. परदेशात असं नाव असतं का?

नरसोबाच्या वाडीच्या शेजारी राहणाऱ्यांनी हा प्रश्न विचारावा हे साहजिक आहे. 'दत्त' म्हणजे दिलेला. अत्री ऋषींना दिलेला तो दत्तात्रेय. आणि लेकरू देवाने दिलं ही भावना इतक्या भाषांत नाव होऊन बसली आहे की मोजता येणार नाही. आपला देवदत्त, ग्रीकांचा थिओडोर : 'थेऑस' देव, 'दोरॉन' देणगी. तेच दोन तुकडे उलटे जोडले की मुलीचं नाव होतं, डोरोथी. हिब्रूत नथानिएल, अर्थ 'देवाने दिलं'. फारसीत खुदाबक्ष. आणि पोलंडकडे या : बोगदान. त्यातलं 'बोग' म्हणजे देव, आपल्या 'भग', 'भगवान' यांचं नातलग, आणि 'दान' तर ओळखीचंच. देणं या अर्थाचा एकच धातू, म्हणजे क्रियापदाचं मूळ, संस्कृत, ग्रीक आणि पोलिश या तिन्हींत आहे, कारण त्या एकाच जुन्या भाषेच्या लेकी आहेत. वळिवड्याच्या छावणीत एखादा बोगदान राहिला असेल तर बाजारात भाजी देणाऱ्या दत्तूला ठाऊक नसणार की दोघांच्या नावात एकच शब्द आहे.

हिब्रू मात्र त्या कुळातली नाही. तिथे शब्द वेगळा, भावना तीच. नात्याचा शब्द आणि नात्याची भावना यांत फरक करायला शिकलं की निम्मं शास्त्र हातात येतं.

११. मुलीचं नाव तारा ठेवायचंय. आयर्लंडमध्येही तारा आहे म्हणे, मग ते तिकडचं की आपलं?

दोन वेगळे शब्द आहेत, दिसतात सारखे. आयर्लंडमधली तारा ही टेकडी आहे, जुन्या राजांच्या राज्याभिषेकाची जागा, आणि तिचं आयरिश रूप 'तेवर'सारखं उच्चारतात. आपली तारा म्हणजे चांदणी. तिचं खरं नातं फारसी 'सितारा'शी आणि इंग्रजी 'स्टार'शी आहे, तिथे आवाज तेवढा जुळत नाही तरीसुद्धा. सारखं दिसणारं परकं आणि वेगळं दिसणारं सख्खं, असं शब्दांत नेहमी होतं.

पण कोल्हापुरात हा प्रश्न कोशाने सोडवायचाच कशाला? ज्या ताराराणींनी औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली आणि करवीरची गादी उभी केली, त्यांच्या गावात तुम्ही लेकीला तारा म्हणणार. खुशाल ठेवा.

१२. मोबाईलवर प्रत्येक नावाचा अर्थ लक्ष्मी किंवा दुर्गा असाच येतो. खरं कसं ओळखायचं?

बरोबर शंका आली. नवीन आवाजाच्या नावांना मागाहून संस्कृत अर्थ चिकटवले जातात. 'मायरा' हे नाव सोळाव्या-सतराव्या शतकात एका इंग्रज कवीने कवितेसाठी घडवलं, पुढे ते इंग्रजीत रुळलं. 'रिहान', 'रेहान' अरबी आहे, सुवासिक पाल्याचं झाड. आपल्या सब्जाच्या कुळातलं. 'कियान' फारसी, प्राचीन राजांशी जोडलेला. 'विहान' मात्र आपल्याकडचा, पहाट. यांतलं एकही नाव वाईट नाही. सब्जाचं नाव ठेवायला काय हरकत आहे, आपण तुळशीचं ठेवतोच की! फक्त ते काय आहे ते माहीत असावं.

पडताळायची माझी पद्धत साधी. नाव संस्कृत असल्याचं कुणी म्हटलं तर धातू विचारा. 'विहान' मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत कोशात सापडलं पाहिजे. मराठी शब्द मोल्सवर्थच्या कोशात बघा, तो १८३१ साली पहिल्यांदा छापला आणि १८५७ साली वाढवून निघाला. त्या काळचं बोलणं त्यात जसंच्या तसं आहे. सांगणाऱ्याला भाषाही सांगता येत नसेल तर तो अर्थ सोडून द्या.

१३. दिल्लीच्या नातेवाइकांनी मुलीचं नाव 'शिक्षा' ठेवलंय. कसं सांगू त्यांना?

सांगू नका. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आणि संस्कृतातला मूळ अर्थ तोच. मराठीत तो शब्द वर्गात इतका छडीबरोबर आला की दंड होऊन बसला. 'चेष्टा'चंही तसंच : हिंदीत आणि बंगालीत प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. 'उपन्यास' हिंदीत कादंबरी, कन्नडमध्ये व्याख्यान.

आणि 'कादंबरी' हे नाव आपण कौतुकाने ठेवतो, त्याचा संस्कृत अर्थ कदंबाच्या फुलांचं मद्य, शिवाय कोकिळा. बाणभट्टाच्या नायिकेचं ते नाव होतं. त्या एका ग्रंथावरून मराठीत आणि कन्नडमध्ये त्या प्रकारच्या सगळ्याच पुस्तकांना कादंबरी म्हणू लागले. मद्यापासून पुस्तकापर्यंतचा प्रवास बघितला की मूळ अर्थावरून नाव बाद करणं किती घाईचं असतं ते कळतं.

१४. तालीम, वस्ताद, पैलवान हे तरी अस्सल कोल्हापुरी शब्द आहेत ना?

कोल्हापुरी आहेत, पण आलेत लांबून. तालीम अरबी, अर्थ शिकवण. वस्ताद म्हणजे फारसी 'उस्ताद'. कुस्ती फारसी. पैलवान हा 'पहलवान', त्यातलं 'पहलव' म्हणजे पार्थियन, जुन्या इराणातले लढवय्ये. महाभारतात 'पह्लव' म्हणून येतात ते हेच. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबाग मैदानाच्या नावातलं 'खास' अरबी आणि 'बाग' फारसी. मैदानातली माती मात्र इथली, आणि घामही.

शिवछत्रपतींनी फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सुमारे १४०० शब्दांचा. दरबाराची भाषा प्रजेला आपली वाटावी हा त्यामागचा विचार होता, आणि तो थोर होता. तरी घरातली नावं तशीच राहिली. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून मुलांना शहाजी आणि शरीफजी म्हटलं, असं परंपरा सांगते. म्हणून 'परका शब्द काढून टाकू का' असं कुणी विचारलं की मी म्हणतो, कारभाराच्या कागदात सोपा मराठी शब्द जरूर वापरा, पण आजोबांच्या तोंडातला शब्द उपटू नका.

१५. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातले शब्द तरी आपले?

'रस्सा' आपला, रसाचा. 'मिसळ'ही आपलीच, मिश्रचा वंश. 'मटण' मात्र इंग्रजी, आणि इंग्रजीत ते जुन्या फ्रेंचमधून आलं, जिथे त्याचा अर्थ मेंढा. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. तिथे गोठ्यातल्या जनावराला गरिबाचा इंग्रजी शब्द राहिला आणि ताटातल्या मांसाला धन्याचा फ्रेंच. 'बटाटा' कॅरिबियन बेटांवरून पोर्तुगिजांच्या तोंडून आला, 'पाव'ही त्यांचाच. तूप कन्नड 'तुप्प'.

मिरचीची गोष्ट मोठी आहे. ती अमेरिकेतून पोर्तुगिजांबरोबर आली. तिखटासाठी आपल्याकडे तोवर मिरी होती, म्हणून नव्या पाहुणीला मिरीवरून मिरची नाव दिलं. युरोपातही तेच झालं, तिलाही 'पेपर' म्हणू लागले. आणि तो 'पेपर' शब्द निघतो संस्कृत 'पिप्पली'तून, म्हणजे आपल्या पिंपळीतून, ग्रीक आणि लॅटिनच्या वाटेने.

कोल्हापुरी गुळाशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. गूळ म्हणजे 'गुड'. पण इंग्रज त्याला 'जॅगरी' म्हणतात, ते कुठून? संस्कृत 'शर्करा', मुळात बारीक खडे. ती दक्षिणेत गेली, मल्याळममधून पोर्तुगिजांनी 'जागरा' म्हणून उचलली, इंग्रजांनी जॅगरी केली. तीच शर्करा दुसऱ्या वाटेने फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर', आणि युरोपात जाऊन 'शुगर' झाली. आपल्या घरी ती 'साखर'. म्हणजे शुगर, जॅगरी, साखर ही एकाच आईची तीन लेकरं, आणि 'खडीसाखर' म्हणताना आपण तिचा पहिला अर्थ अजून जपतो.

१६. पायताण हा शब्द गावठी आहे का?

'पादत्राण' हा त्याचा पूर्वज, पायाचं रक्षण करणारं. यात गावठी काही नाही. कापशी हा चपलेचा प्रकार कापशी गावावरून ओळखला जातो. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडच्या चार-चार जिल्ह्यांना मिळून.

१७. पन्हाळ्याच्या नावाचे दोन अर्थ सांगतात. खरा कोणता?

एक सांगतात 'पन्नगालय', सापांचं घर. दुसरं जुन्या लेखांतलं 'प्रणालक'. मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे. संस्कृत 'प्रणाल' म्हणजे पाणी वाहून नेणारी नळी, आणि त्याच शब्दापासून मराठीत 'पन्हळ' झाली, छपराचं पाणी उतरवणारी. 'प्रणाल'चं 'पन्हाळ' होणं भाषेच्या नियमात बसतं. पन्हाळ्यावर पाऊस कसा कोसळतो ते पाहिलेल्याला हे पटायला वेळ लागत नाही. सापांची कथा खोडून काढायची गरज नाही, ती कथा म्हणून सांगा. दोन व्युत्पत्ती समोर आल्या की मी तीन गोष्टी बघतो : जुनं लिखित रूप, आवाज बदलण्याचा नियम, आणि शेवटी अर्थ. लोक उलट्या क्रमाने बघतात आणि फसतात.

१८. दत्तक गेल्यावर किंवा लग्नानंतर नाव बदलावंच लागतं का?

राजर्षी शाहू महाराज २६ जून १८७४ ला कागलच्या घाटगे घराण्यात जन्मले तेव्हा यशवंतराव होते. १७ मार्च १८८४ ला दत्तक आले आणि शाहू झाले. गादीबरोबर नाव येतं, ही जुनी रीत. ('दत्तक'मधलं 'दत्त' कुठलं, ते प्रश्न १० मध्ये आलं आहे.)

लग्नानंतर बाईने नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदलायचं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करण्याची वाट आहे. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत महाराष्ट्रात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. आईचं नाव नावात आलं, याचं मला मनापासून समाधान आहे. आइसलँडमध्ये तर बहुतेकांना आडनावच नसतं. बापाच्या किंवा आईच्या नावापुढे मुलग्याला 'सोन' आणि मुलीला 'दोत्तिर' लावतात, आणि लग्नाने त्यात काहीच बदलत नाही.

१९. इटलीत कोल्हापूरच्या राजाच्या नावाचा पूल आहे, हे खरं का?

पूल आहे, पण त्याला त्यांचं नाव नाही. छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं विशीचं. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला, पुढे तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा बसवला. परक्या गावाला नाव उच्चारायला अवघड, म्हणून लोक त्या जागेला 'त्या भारतीयापाशी' म्हणू लागले. शंभर वर्षांनी जवळ पूल झाला, त्याचंही नाव तेच पडलं, 'पोंते आल्लिंदियानो'.

त्यातला 'इंदियानो' शब्द उलगडत न्या. इटालियन इंदिया, ग्रीक इंदोस, फारसी हिंद, संस्कृत सिंधू. गांधीनगरच्या सिंधी दुकानदाराच्या ओळखीत (प्रश्न ५) आणि फ्लॉरेन्सच्या त्या पुलावर एकाच नदीचं नाव आहे.

२०. आमच्या आडनावाची किंवा आजीच्या नावाची चौकशी करायची आहे. काय काय पाठवू?

मूळ गाव, कुलदैवत, आणि घरात सापडतील ते जुने कागद : सातबारा, शाळेचा दाखला, मोडीतले कागद असतील तर त्यांचे फोटो. संस्थानी काळातल्या नोंदींसाठी कोल्हापूरच्या पुरालेखागारात जाता येतं. तुमच्याकडे हेळवी (घराण्यांच्या वंशावळी राखणारा आणि वाचून दाखवणारा) येत असेल तर यंदा तो येईल तेव्हा वंशावळ वाचून घ्या आणि पूर्ण उतरून ठेवा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला ते नाव तीनदा उच्चारायला सांगून मोबाईलवर आवाज नोंदवा. कागदावर कारकुनाच्या हातून 'ळ'चा 'ल' झालेला असतो, 'ण'चा 'न' झालेला असतो. आजीच्या तोंडी ते अक्षर अजून जागेवर असतं.